बोटीतलं ब्रेक ऑईल
आज गॅरेजमध्ये मेकॅनिकनं माझ्या गाडीसाठी ब्रेक ऑईलचा डबा उघडला आणि त्या उग्र वासानं मला थेट गावच्या महापुरात नेऊन सोडलं. आमच्या तालमीच्या पोरांनी पुरासाठी घेतलेल्या बोटीची देखभाल माझे चुलते करायचे. एरवी ते ट्रॅक्टर दुरुस्त करत. पावसाळ्याआधी बोटीच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमधलं तेल कमी दिसलं, तेव्हा ‘ट्रॅक्टरला चालतंय की, बोटीला काय धाड भरलीय?’ म्हणत त्यांनी त्यात ब्रेक ऑईल ओतलं. त्यानं आतली रबरी सीलं फुगून फाटली, हे कळलं ते गावात पाणी शिरल्यावर. स्टिअरिंग गरागरा फिरायचं, पण बोटीचं तोंड वळायचं नाही. मी वरून तेल ओतत होतो, चुलते स्टिअरिंग फिरवून नळ्यांत अडकलेली हवा काढत होते. बुडबुडे थांबेनात आणि इंजिनापाशी तेल गळतच राहिलं. ओढ्यापलीकडं आमचा शेजारी त्याच्या गोठ्याच्या दारात छातीभर पाण्यात उभा होता. त्याच्या म्हशी दाव्याला धरून बोटीमागं पोहवत आणायचं ठरलं होतं. तो ओरडला, ‘येताय न्हवं? का दावी सोडू?’ चुलत्यांनी तेलकट हात तोंडावरून फिरवला आणि ते ओरडले, ‘सोड!’ दावी सोडून तो पत्र्यावर चढला. संध्याकाळी दुसऱ्या बोटीनं त्याला आणलं. म्हशी मात्र थोडं पोहल्या आणि सवयीनं परत गोठ्यातच शिरल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. मघाशी गॅरेजवाला हात पुसत म्हणाला, ‘झालं की पावणं, बसा.’ मी गाडीत बसलो, पण स्टिअरिंगला हात लावायला बराच वेळ धजलो नाही.