गयामावशींच्या शेंगा

गयामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्यात वर्गावर गटचर्चेची पद्धतच शिकवत होते. महिना होत आला, तो तास अजून अर्धाच राहिलाय... कारण पुस्तकातलं सगळं सांगून झालं की उरतं ते मावशींचंच.

परतूरजवळच्या एका गावात त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. बाळंतपणाला दवाखान्यात जायचं की नाही हे घरात कोण ठरवतं, यावर माझी पीएचडी. सगळी भिस्त बायकांच्या गटचर्चांवर, आणि पहिल्या दोन साफ फसल्या. काहीही विचारलं की बायका एकमेकींकडे बघत म्हणायच्या, "घरचे म्हंतेल तसं." मी रडकुंडीला आले. मावशी मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"आवं मॅडम, सासू अन् सून एका सतरंजीवर बसवल्या तुमी. मंग कोन बोलंल?"

एवढी शिकलेली मी, पण हे सुचलं नव्हतं! तिसऱ्या वेळी मावशींनी सासवांना "तुमचा नंबर उद्या" म्हणून परत पाठवलं, माझी खुर्ची बाहेर नेऊन मला सतरंजीवर बसवलं आणि सुनांच्या मधोमध टोपलंभर भुईमुगाच्या शेंगा ओतल्या. "पेरणीला फोडायच्यात. हात चालू द्या." मान खाली, हाताला काम... अर्ध्या तासात सुना अशा सुटल्या की मला आवरेनात. दुसऱ्या दिवशी सासवा तर त्यांच्याही वरचढ!

मावशी स्वतः गप्प बसून शेंगा फोडायच्या. फक्त कुणी खोटं बोललं की त्यांचा हात थांबायचा. मी विचारलं तर म्हणाल्या, "लबाडी ऐकली का हातच चालत न्हाई माझा."

गेल्या दिवाळीनंतर मी खास त्यांनाच बोलतं करायला गेले. मांडीवर टोपलं, समोर रेकॉर्डर. काय बोलल्या, काय नकला केल्या! परवा तो अर्धा तास पुरा करायला ते वर्गात ऐकवलं. पोरं हसून बेजार, मीही. त्यांच्या बोलण्यामागे सारखी शेंगा फुटल्याची कटकट. शेवटी माझा आवाज येतो, "मावशी, तब्येत कशीय?"

"बिलकुल ठणठणीत! मला काय धाड भरली?"

पोरं पुन्हा हसली. मला मात्र त्या वाक्यामागे कटकट ऐकू येईना.

"सापडलात, मावशी," मी पुटपुटले. आणि डोळे भरून आले. तेव्हा त्या माझ्या समोर, हातभर अंतरावर बसल्या होत्या, आणि मी मान खाली घालून वहीत लिहीत होते... 'तब्येत उत्तम.'