विहीणबाईंची मुदत

दुपारचा वरणभात अंगावर येतो तो असा. बाळ माझ्या कुशीत झोपलंय, ड्रायरमध्ये त्याची दुपटी गरगरतायत आणि मी सोफ्यावर एक डोळा उघडा ठेवून पडलेय. माझी लेक ऋजुता वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगला बसलीये. जाता जाता म्हणाली, "आई, विचार कर गं. महिनाभर जास्त राहिलीस तर कोण येतंय बघायला? व्हिसा तर अजून कितीतरी वर्षं आहे तुझा."

विचार काय करायचा, कपाळ! अमेरिकेचा व्हिसा मिळतो दहा वर्षांचा, पण तो नुसता दार वाजवायचा परवाना. एका खेपेला आत किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि त्यानं मला दिलेली तारीख पुढच्या आठवड्यात उलटतेय. मुदत वाढवून मागता येते, पण मिळेलच असं नाही, असं आमचे जावई केदारराव म्हणतात. इकडे लेकीची रजा संपलेली, पाळणाघरात जागा नाही आणि हा मेला गुलाम झोपेतसुद्धा माझं बोट सोडत नाही. राहावं का जावं? एकदा वाटतं राहते, काय करायचं ते करू देत. मग ती तारीख आठवते. डोळा मिटतो.

"मंदाताई, सरका जरा."

मी सरकते. सोफ्याच्या कडेला सरलाताई बसतात. केदाररावांच्या आई, माझ्या विहीणबाई. गेल्या महिन्यात सांगलीत वारल्या, हार्टनं, पूजेची फुलं काढता काढता. अंगावर ती मोरपंखी इरकल, केस चापूनचोपून बसवलेले. मला भीती वगैरे काही वाटत नाही. उलट घरात पसारा पडलाय याचीच लाज वाटते.

"अगं बाई, तुम्ही! आणि व्हिसा?"

"आता कोण विचारतंय हो!" पदर तोंडाला लावून त्या हसतात.

मी विचारते, "मुक्काम किती मग?"

"बाळ उठेपर्यंत."

मी बाळाकडे बघते. गाढ झोपलाय. सोफ्याचा हात माझ्या हाताला गार लागतो, आणि बघते तर तो विमानतळावरच्या रांगेचा लोखंडी कठडा आहे. रांग पुढे सांगलीच्या मंडईत शिरते. वांग्यांच्या आणि मेथीच्या ढिगांमध्ये काचेची खिडकी आहे, मागे एक मुलगी बसलीये आणि ती एकेक पासपोर्ट तराजूत टाकून तोलतेय. सरलाताई माझ्या पुढे उभ्या. मला ठाऊक आहे ही खिडकी कुठली ते. आमच्या दोन्ही घरांत हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त बोलत कुणी नाही.

पहिली नात झाली, शर्वरी, तेव्हा पाळी सरलाताईंची होती. त्यांची मुदत जानेवारी लागताच संपत होती आणि संक्रांत होती मध्यावर. नातीचं पहिलं बोरन्हाण टाकून आजी निघते होय! घरी करून आणलेले हलव्याचे दागिने, शिवून आणलेलं काळं झबलं. केदाररावांनी पासपोर्ट उघडून बघितला, दहा वर्षांची तारीख दिसली, म्हणाले राहा की आई. त्या राहिल्या. बोरं मिळाली नाहीत म्हणून पोरीच्या डोक्यावरून द्राक्षं ओतली. फोटोत सगळे हसतायत. मग पुढच्या खेपेला कळलं, जास्त राहिल्यामुळे तो व्हिसाच बाद झालाय, नवा मागा. त्या मागायला मुंबईला अमेरिकन वकिलातीत गेल्या.

काचेमागची मुलगी विचारते, "मागच्या वेळी किती दिवस राहिलात?"

मी सरलाताईंचा पदर ओढते. सांगू नका, गप्प बसा, असं ओरडायचंय मला, पण घशातून आवाज फुटत नाही. त्या मान ताठ करतात आणि हौसेनं सांगतात, "नातीचं बोरन्हाण करूनच निघाले हो!"

मुलगी पासपोर्ट तराजूतून उचलून परत देते. व्हिसा द्यायचा असला की पासपोर्ट ठेवून घेतात, हातात परत दिला म्हणजे नकार. त्यांना वाटतं झालं काम. त्या माझ्याकडे वळून हसतात, आणि मला त्या हसण्याकडे बघवत नाही.

"लोकांना मी गुडघ्यांचं सांगत होते," त्या चालता चालता म्हणतात. "विमान झेपत नाही म्हणायचं. सोपं पडतं."

"मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं ते मलाही ठाऊक होतं. म्हणून तर तुमच्याशी फोनवर जास्त बोलत नव्हते."

आता आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात आहोत. तांदळाच्या डब्याला टेकवून फोन उभा केलाय आणि त्यात शर्वरीचा चेहरा आहे. आधी दात नसलेला, मग दोन दातांचा, मग पुढचे पडलेला. सरलाताई कणीक मळायची थांबतात.

"मी हिला वाढताना बघितलं ते गळ्यापासून वर," त्या म्हणतात. "पाय कधी धड दिसलेच नाहीत. चालायला लागली तेव्हा केदारनं फोन खाली धरला होता, पण नेमकं सगळं अडकलं. नुसती फरशी दिसत होती. मी फरशीकडे बघून टाळ्या वाजवल्या."

मला रडू येतं. साधं नाही, हुंदकेच. "सरलाताई, त्यानंतर सगळ्या खेपा मी केल्या हो. माझ्यातली निम्मी मुदत तुम्हाला देता आली असती तर..."

"ती काय वाटीनं द्यायची वस्तू आहे?" त्या माझ्या पाठीवर पिठाचा हात फिरवतात. "पोरावर राग नाही माझा. त्याला मी कधी बोलले नाही. मलाच हौस दांडगी. एक संक्रांत मिळाली आणि बाकी सगळं गेलं. वाईट वाटतं, मंदाताई. मेल्यावरसुद्धा वाटतं. असं वाटलं होतं की निदान तेवढं तरी थांबेल."

"आपण दोघी एकत्र राहिलो असतो इथं."

"भांडलो असतो."

"भांडलोच असतो! मांडवात माझ्या रुखवताला नाकं मुरडली होतीत तुम्ही."

"चकल्या मऊ होत्या हो," त्या म्हणतात आणि आम्ही दोघी हसतो, रडतो, काय ते एकच.

कणकेची परात बाजूला होते आणि खाली सोफाच असतो. बाळ चुळबुळतं. सरलाताईंचा चेहरा एकदम पडतो. त्या घाईघाईनं वाकतात.

"कुणासारखा आहे?"

"नाक तुमचं. फेंदारलेलं."

"इश्श! आमच्याकडे सगळ्यांची नाकं सरळ आहेत." पण त्या ते नाक बघत राहतात. मग त्याचे पाय बघतात. दुपटं बाजूला करून दोन्ही पावलं हातात धरतात, एकेक बोट मोजल्यासारखं चाचपतात. त्यांच्या हातात वाटी कुठून येते कळत नाही. तेलात चार बोटं बुडवून त्या त्याची टाळू भरायला लागतात, हळूहळू, थापटत. "एवढं एक फोनमधून करता येत नव्हतं," त्या म्हणतात.

बाळ ओठ काढतं.

"थांब रे राजा," त्या म्हणतात. "थांब जरा. एवढं होऊ दे." त्या त्याला थोपटतात, अंगाई धरतात, पुन्हा थोपटतात. त्यांची धडपड मला बघवत नाही. मीही दुसऱ्या बाजूनं थोपटायला लागते. दोघी मिळून त्याला झोपवू पाहतो, पण तो काही ऐकत नाही. त्याची मूठ उघडते.

"मंदाताई," त्या घाईनं म्हणतात, "तुम्ही तारखेच्या आत निघा. लेक रडेल, रडू दे. गेलात तर याल."

"आणि तुम्ही?"

बाळ टाहो फोडतं.

सोफ्याची कड रिकामी आहे. ड्रायर थांबलाय. उन्हाची तिरीप गालिच्यावर आलीये आणि माझी उशी ओली झालीये. मी बाळाला उचलून खांद्यावर घेते, हनुवटी त्याच्या डोक्यावर टेकते आणि तशीच राहते.

त्याची टाळू तेलानं चिंब आहे. वेखंड घालून कढवलेल्या खोबरेलाचा वास येतोय. या घरात डॉक्टरांनी डोक्याला तेल लावायचं नाही म्हणून सांगितलंय. बाटलीसुद्धा नाही घरात.

रडणं ऐकून ऋजू धावत खाली येते. बाळाला घेते आणि नाक आक्रसते. "आई! तेल लावलंस त्याला? मी नको म्हणाले होते ना?"

"मी नाही लावलं."

"मग कोणी लावलं?"

मी डोळे पुसते. "ऋजू, माझं तिकीट काढ. तारखेच्या आतलं."

तिचा चेहरा उतरतो. "अगं, पण तू विचार करणार होतीस ना? एक महिना फक्त. मी एकटी कसं करू?"

"करशील. अवघड जाईल, मलाही जाईल." मी बाळाचं पाऊल हातात धरते. "मला परत यायचंय गं. याला चालताना बघायचंय."

माझ्या बोटांना तेल लागलंय. ते पुसायचं माझ्या जिवावर येतं.