उघड्या तावावरचा नावाडी

जाऊबाई,

तुमच्या नातीने काल मला विचारलं, "आजी, कथा आणि कथानक यात फरक काय गं?" तिची आज चाचणी होती आणि तिच्या आईने तिला माझ्याकडे पिटाळलं होतं, कारण या घरात बीए झालेली म्हातारी आता मी एकटीच उरले आहे. मी व्याख्या सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडला तो तुमचा नावाडी. पोरगी डोळे मोठे करून ऐकत बसली, माझा चहा गार झाला, आणि व्याख्या राहिलीच. आज पेपरात तिने काय दिवे लावले असतील कोण जाणे. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तरी माझ्या कामात लुडबूड करायची तुमची सवय जात नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. यातलं बहुतेक तुम्हाला ठाऊक आहे. वाचणाऱ्यांना नाही. तेव्हा मधे मधे बोलू नका.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात होतात. पुढे तुमच्याच शब्दावर मला तिथे प्रुफं तपासायची नोकरी लागली. मी वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी, खुर्चीत. तुम्ही खाली, लांबलचक टेबलाशी, दिवसभर उभ्या. छापलेला ताव, म्हणजे पलंगपोसाएवढा कागद, तुमच्यापुढे यायचा. हाडाची पट्टी दाबत तुम्ही त्याला घडीवर घडी घालायचात आणि त्याचा सोळा पानांचा फर्मा व्हायचा. घडी पडेपर्यंत तावावर पानांचा नुसता गोंधळ असतो. पहिल्याला खेटून सोळावं, त्याच्या पलीकडे तेरावं, मग चौथं, आणि वरची ओळ तर डोकं खाली पाय वर. घडी पडली की सगळी गुपचूप आपापल्या जागी जातात. तुमच्या हातांना हे झोपेतसुद्धा ठाऊक होतं.

आणि घरी? घरी तुम्ही घडी घालायला साफ नकार द्यायचात. फिकट उमटलेले, शाईचे डाग पडलेले ताव मालक बायकांना फळ्यांवर अंथरायला देऊन टाकायचे. तुम्ही ते खोलीभर पसरायचात आणि गुडघ्यांवर रांगत, नजर जाईल तसं वाचायचात. मला ते बघवायचं नाही.

"अहो, घडी घाला ना! क्रम तरी लागेल."

"दिवसभर घड्याच घालते. घरी तरी त्या कागदाला पाय पसरू दे. आणि तू कशाला उभी खांबासारखी? तो कोपरा धर, गुंडाळी होतेय."

बीए झालेली बाई कोपरा धरून बसायची.

तुमच्या टेबलाची एक रीत होती. हात कामात आणि कान रिकामे, म्हणून जिने काल ताव वाचला असेल तिने आज गोष्ट सांगायची. बहुतेक करून तुम्हीच सांगायचात. खळीचा आंबूस वास, पट्ट्यांची सरसर, कोपऱ्यात कटिंग मशीनचा दाणकन आवाज, आणि या सगळ्याच्या वर तुमचा तो किंचित घोगरा सूर. मी प्रुफं खाली पोचवायच्या निमित्ताने जिन्यात रेंगाळायची. मी ती गोष्ट आदल्या महिन्यात अक्षर न् अक्षर तपासलेली असायची, तरी ती तुमच्या तोंडून ओळखू यायची नाही.

मग तुमचं मनगट गेलं. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, घड्या घालणं बंद करा, नाहीतर हा हात वेणी घालायलाही उरणार नाही. नेमक्या त्याच वर्षी खात्यावर देखरेख करणाऱ्या बाई निवृत्त व्हायच्या होत्या. ती खुर्ची मिळाली असती तर घड्या सुटल्या असत्या आणि टेबल राहिलं असतं. मालकांनाही तुम्हीच हव्या होतात. "जागा तुमचीच आहे, पण त्या जागेला शालान्त पास लागते. तेवढं करून घ्या," असं ते म्हणाले. तुमची शाळा लग्नाआधीच सुटलेली. निकालापर्यंत टेबलाशी हलकी कामं, मग पास झालात तर खुर्ची, नाही तर घर. सरळ हिशेब होता.

बाकीच्या विषयांत तुम्हाला माझी गरज पडली नाही. भाषेच्या पेपरात मात्र कथेचे घटक नावाचं एक प्रकरण होतं आणि ते पाहून तुम्ही पुस्तकच मिटलंत. "गोष्टीला कसले गं घटक? ती काय खोकल्याचं औषध आहे?"

संध्याकाळी स्वयंपाकघरात आपली शिकवणी चालायची. सासूबाई दाराशी स्वेटर विणत बसायच्या आणि आपण काही ऐकत नाही असं दाखवायच्या.

"संघर्ष," मी म्हणायची. "दोन पात्रांच्या इच्छा एकमेकींच्या आड येतात, त्यातून गोष्ट पुढे सरकते. उदाहरण द्या."

तुम्ही हळूच दाराकडे मान केलीत.

"मला कशाला ओढता तुमच्या अभ्यासात?" सासूबाई सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. "माझ्यामुळे काही पुढे सरकत नाही या घरात."

निवेदकापाशी तर आपलं जुंपलंच. गोष्ट सांगणारा म्हणजे लेखक नव्हे, हे तुमच्या गळी उतरेना.

"लेखक नव्हे तर मग कोण? त्याचा मेहुणा?"

"लेखकाने गोष्ट सांगायला उभा केलेला माणूस."

"म्हणजे स्वतः घरात बसून दुसऱ्याला दारात पाठवायचं. कळलं. आपल्या दिरासारखं."

उपमा आणि रूपक मात्र तुम्ही एका दमात उरकलंत. "देखरेखीच्या बाई सापासारख्या आहेत म्हटलं तर उपमा. त्या साप आहेत म्हटलं तर रूपक. आणि त्यांच्यासमोर म्हटलं तर नोकरी गेली." सासूबाईंचा टाका निसटला हसताना. मी वैतागले होते, पण मनात म्हटलं, ही बाई पास होणार.

त्या वर्षी पाठ्यपुस्तक नवं होतं आणि ते आपल्याच छापखान्यात छापलं जात होतं. पुस्तक दुकानात यायच्या आधीच पहिल्या फर्म्याचा एक फिकट ताव तुम्ही घरी आणलात आणि नेहमीसारखा जमिनीवर पसरलात. त्यात पहिलीच गोष्ट नावाड्याची. मी त्या दिवशी माहेरी गेले होते. मी घरी असते तर हे पुढचं घडलंच नसतं. मी तुम्हाला घडी घालायला लावलीच असती.

दुसऱ्या दिवशी मी प्रुफं घेऊन जिना उतरते तो खाली सगळं टेबल मुसमुसत होतं. पट्ट्या थांबल्या होत्या. तुम्ही सांगत होतात: बाप नावाडी, मुलाशी भांडण होतं, मुलगा नदीपलीकडे निघून जातो. मग बऱ्याच वर्षांनी मुलगा पलीकडच्या काठावर येऊन हाका मारतो, ओ येत नाही, कारण इकडे बाप मरून पडलाय. आणि मग, जाऊबाई, मग तुम्ही आवाज खाली आणलात, मग तो मेलेला बाप हाक ऐकतो. उठतो. वल्हं उचलतो, होडी सोडतो आणि अंधारात पाण्यावर निघतो.

"पोचतो का गं?" शिलाईवरची एक जण डोळे पुसत म्हणाली.

"न पोचायला काय झालं? बाप आहे तो."

मला राहवलं नाही. "अहो, काय सांगताय हे! असं नाहीच ते. हाक ऐकतो ते चौथ्या पानावर. ती खरी हाक नसतेच, वारा असतो. तो जाऊन रिकामा परत येतो. मरतो तेराव्या पानावर, आणि मुलगा येतो सोळाव्यावर. उशिरा! तीच तर शोकांतिका आहे."

सगळं टेबल माझ्याकडे असं बघायला लागलं, जणू मीच त्या म्हाताऱ्याला पाण्यात ढकललं होतं. "बीएबाई, तुम्ही वर जा," कोणीतरी म्हणालं.

घरी आल्यावर मी तुम्हाला समोर बसवलं. एवढी चांगली संधी परत येणार नव्हती. "हे बघा, घटना जशा एकापाठोपाठ एक घडल्या, ती कथा. लेखक त्या ज्या क्रमाने मांडतो, ते कथानक. क्रम बदलला की अर्थ बदलतो. आज तुम्ही नेमकं तेच केलंत. कळलं आता?"

तुमचा चेहरा उजळला. "म्हणजे मी मांडलं ते माझं कथानक!"

"लेखकाने मांडलेलं, जाऊबाई. बाइंडरने नव्हे."

"आणि ताव कुणी मांडला?"

"मशीनवाल्याने! घडी घालण्यासाठी! त्यात अर्थ काही नसतो!"

"मग सगळं टेबल का रडलं?"

याला उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर होतं, आणि मी ते तुम्हाला सविस्तर दिलं: रडणं वेगळं आणि पेपर वेगळा. मी तुमच्यासमोर ताव घेतला, घडी घालून दाखवली (माझी घडी वाकडी पडली, तुम्ही ती हिसकावून नीट केलीत), आणि तुमच्याकडून गोष्ट क्रमाने म्हणवून घेतली. तुम्ही म्हटलीत, घडाघडा, शब्द न चुकता. मी निश्चिंत झाले.

परीक्षेच्या दिवशी मी फाटकाशी उभी होते. प्रश्न आलाच होता: पाठ्यपुस्तकातल्या एका कथेच्या आधारे कथानक म्हणजे काय ते लिहा. तुम्ही बाहेर आलात त्या अशा, जशा लग्नातून जेवून याव्यात.

"कुठली गोष्ट लिहिलीत?"

"नावाड्याची."

"कुठल्या नावाड्याची?"

तुम्ही पदराने वारा घेऊ लागलात. "क्रमानेच लिहायला घेतली होती, देवाशपथ. बाप मेला, तिथपर्यंत व्यवस्थित होतं. मग मुलगा काठावर आला. हाका मारायला लागला. मला ऐकवेना गं, धाकटे. मी उठवला त्याला."

मी रस्त्यात मोठ्याने ओरडले. लोक बघायला लागले.

बाकी सगळ्या विषयांत तुम्ही उत्तम पास झालात आणि भाषेत नापास. परीक्षकाचं काही चुकलं नाही. मी तपासत असते तर मीही तेच केलं असतं, आणि हे मी तुम्हाला तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं. पुन्हा बसा म्हणून मी किती मागे लागले! सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "बस गं बाई, मी भांडत जाईन तुझ्याशी रोज, उदाहरणाला." पण तुम्ही हटला नाहीत. "परत बसले तर परत तेच लिहीन. त्या बाकाला कशाला त्रास?"

मालकांनी ती खुर्ची काही दिवस तुमच्यासाठी रिकामी ठेवली. मग शिलाईवरच्या बाईला दिली. ती पास होती आणि चांगलीही होती. तुम्ही घरी बसलात. टेबलावरून निरोप यायचे, काम राहू दे, नुसती गोष्ट सांगायला ये. तुम्ही गेला नाहीत. पुढे पुढे मी जिना उतरायची तेव्हा खाली फक्त पट्ट्यांची सरसर ऐकू यायची. मग टेबलावर कोणीतरी रेडिओ आणून ठेवला.

नावाड्याच्या गोष्टीचा लेखक आपल्याच गावात राहतो, हे आपल्याला फार उशिरा कळलं. तो नव्या पुस्तकाची प्रुफं घेऊन माझ्या टेबलाशी आला. बारीक चणीचा, कानात कापूस घातलेला म्हातारा. त्याने पत्ता सांगितला आणि मी लेखणी खाली ठेवली. दूध केंद्राअलीकडची गल्ली! आपण रोज सकाळी तिथून जात होतो.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही कणीक मळत होतात, डाव्या हाताने. हात थांबला.

"जाऊया," तुम्ही म्हणालात. "त्यांनाच विचारू, बाप उठला तर चालेल का म्हणून. ते हो म्हणाले तर मी पास. मग बोर्डाचं कोण ऐकतंय!"

"आणि नाही म्हणाले तर?"

"तू बोलू नकोस तिथे. तू नुसती सोबत ये."

रविवारी जायचं ठरलं, आणि ते ठरलेलंच राहिलं. त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी तुम्हाला नेसायला धड लुगडं सापडेना, त्याच्या पुढच्या वेळी लेखक मुलीकडे गेलेला. नंतर तो परत आला हे आपल्याला दिसत होतं, कारण दूध आणायला जाता-येता त्याचं दार उघडं दिसायचं. त्या दारापाशी तुमची पावलं मंद व्हायची. माझीही व्हायची, पण मी तुमच्यासाठी थांबत होते. एकदा तर तो दारातच खुर्ची टाकून संत्रं सोलत बसला होता आणि तो वर बघून आपल्याकडे ओळखीचं हसला. मी तुमच्या कोपराला धरलं. म्हटलं, चला, आत्ता.

तुम्ही हातातली किटली दुसऱ्या हातात घेतलीत. "आत्ता नको गं. दूध नासेल. उद्या येऊ."