एका गेटवेवरचे दोन भाऊ

डहाणूत मेल-कॉम्प्युटरची कामं करणाऱ्या बाईला लोक पासवर्ड सांगतात आणि पाठोपाठ घरातली भांडणंही! पासवर्ड मी विसरते, भांडणं डोक्यात साचत जातात. त्यात माझा स्वभाव चुळबुळ्या, कुणाला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. तर ऐका.

हरेशदादा आणि किरण, वरोरचे सख्खे भाऊ. सुक्या मासळीचा धंदा एकत्र होता, कशावरून तरी फाटलं. दादाने तलासरीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना टाकला. किरण मासळीतच राहिला. तेव्हापासून बोलणं बंद, आणि मध्ये त्यांची आई झुरतेय.

दोघांनी मला वेगवेगळं बोलावून एकच सांगितलं, "आमचं मेलचं नाव वेगळं करा!"

"मग गेटवेही वेगळा घेऊ?" गेटवे म्हणजे मेल आत यायचं दार. तिथे ती तपासली जाते आणि ज्याची त्याला जाते.

"छे छे! आहे तो चांगला चालतोय की!" हेसुद्धा दोघं म्हणाले!

*

घराण्याच्या नावाचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यातलं @ नंतरचं नाव, दादाने आधीच घेऊन टाकलं. किरण उसळला, "माझ्या नावापुढे 'ओरिजिनल' लाव!"

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "मग माझ्यापुढे 'फर्स्ट' लावा!"

मी कपाळावर हात मारून घेतला.

*

किरणचं नवं नाव गेटवेवर चढायचं होतं, त्याआधीच याने ते गिऱ्हाइकांना वाटून टाकलं! गेटवे बापडा मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला कळवतोय, 'असं इथे कुणी नाही.' वापीच्या व्यापाऱ्याचा किरणला फोन आला, "मेल पाछो आव्यो, धंधो बंध कर्यो के शुं?" मेल परत आली, धंदा बंद केलास की काय!

किरण माझ्यावर ओरडला, "ताई, मला आत घे गं आधी!"

*

जुन्या सामाईक नावाची मेल तोवर तलासरीला जायची. कुणीतरी सुके बोंबील मागवले. दादाच्या मॅनेजरला ते खोक्याचंच नाव वाटलं, त्याने मन लावून उत्तर दिलं, "तीन थरांच्या पुठ्ठ्याचे हवेत की पाच? वर छपाई करायची का?"

दादा पोट धरून हसला. मग हसू आवरत, "किरणला सांगू नका," म्हणाला. मी उठले तर मागून हाक, "नाहीतर... सांगाच!"

*

काकींनी, म्हणजे त्यांच्या आईने, चहा देता देता मला विचारलं, "त्या तुझ्या गेटात दोघं एकदम आले, तर भेटतात का गं?"

"भेटतात काकी, पण ओळख दाखवत नाहीत."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

*

शेवटी टेस्ट. एका डोमेनवरून दुसऱ्यावर मेल जाते का, ते बघायचं. दादाला म्हटलं, "किरणला एक टेस्ट मेल पाठवा, काहीही लिहा."

दादा सगळा मजकूर विषयाच्या ओळीतच लिहितो, खाली काही नाही. आणि किरणने मला बजावलं होतं, दादाची मेल आली तर अडव! मेल गेटवेवर अडकली, ओळ माझ्यासमोर. मी किरणला फोन लावला.

"दादाची मेल अडलीय. सोडू?"

"काय लिहिलंय?"

"'टेस्ट. जेवलास का?'"

मी दुकानात येरझाऱ्या घालतेय, जीव नुसता टांगणीला!

"सोड," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मी लगेच सोडली.

थोड्या वेळाने तलासरीहून दादाचा फोन आला.

"ताई, त्या मेलला किरणचं उत्तर आलं!"

"काय म्हणतो?"

"'पोचली नाही,' म्हणतो. 'परत पाठव!'"