एकोणीस मिलिमीटर आणि झेंडूचा हार

आमच्या शाळेच्या मागच्या पटांगणात तारेच्या कुंपणात एक पांढरा खांब उभा आहे. त्यावर वारा मोजणाऱ्या तीन वाट्या, उन्हावर चालणारी एक काळी पाटी आणि बाजूला कमरेएवढ्या उंचीवर पाऊस मोजणारं नळकांडं. नळकांड्याचं तोंड नरसाळ्यासारखं. त्यात पडलेलं पाणी खालच्या इवल्याशा चमच्यात जातं, चमचा भरला की कलंडतो आणि तेवढा पाऊस झाल्याची बातमी थेट वरच्या ऑफिसात पोचते. आमचं महसूल मंडळ, म्हणजे आसपासच्या काही गावांचा एक गट, कळंब तालुक्यातलं. त्या सगळ्या गावांचा पाऊस या एकाच नळकांड्यावर ठरतो. ते आमच्याच शाळेत का, तर गावात मोकळी सरकारी जागा दुसरी नव्हती.

मी भूगोल शिकवते आणि स्वभावानं भोचक आहे. मुख्याध्यापकांनी कुंपणाची किल्ली माझ्याकडे दिली ती आतलं गवत काढून घ्यायला. मी मात्र मधल्या सुट्टीत रोज तिथं जाऊन उभी राहायचे. आधी मोबाइलवर सरकारी साइटवरचा आकडा बघायचा, मग आभाळाकडे. नवऱ्याची नोकरी बाहेरगावी, त्यामुळे घरात मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. संध्याकाळी मी दारात पाऊल ठेवलं की त्यांचा प्रश्न तयार असायचा, "काय म्हनतंय तुमचं मशीन?"

मामांचं मोजमाप वेगळं. गोठ्याजवळ जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण आहे, उभ्या काठांची. पावसाची चिन्हं दिसली की ते ती रिकामी करून ठेवतात आणि सकाळी आडवी बोटं लावून पाणी मोजतात. एक बोट, दोन बोटं. मी पट्टी घेऊन त्यांची बोटं मोजली तेव्हा ते हसून बेजार झाले. पण माझ्या लक्षात एक गंमत आली. मंडळात एका दिवसात पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. मग मंडळाचं नाव यादीत येतं आणि नुकसानभरपाईच्या पंचनाम्याला माणसं गावात येतात. आणि हे पासष्ट म्हणजे मामांची जवळजवळ चार बोटं.

पासष्टच का, साठ का नाही, हा किडा काही दिवस माझ्या डोक्यात वळवळत होता. तलाठ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, वरून तसं आलंय. शेवटी एका पुस्तकात सापडलं. हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांनी पावसाला हलका, मध्यम, जोरदार अशी नावं दिली, त्यात जोरदार पाऊस साधारण तिथूनच सुरू होतो. ढगांची प्रतवारी लावायला आखलेली रेघ पिकांच्या नुकसानीलाही लागू झाली होती. आणि त्या रेघेला इतकं महत्त्व आल्यावर ती मोजायला गावोगाव खांब उभे राहिले. शास्त्रानं सरकारला आकडा दिला आणि सरकारनं शास्त्राला खांब. मला हे फार रंजक वाटलं. मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "ते ठीक हाय. पर सोयाबीनला इचारलं का कुनी, किती पानी झालं की नासतीस म्हनून?"

त्या वर्षी खंडेनवमीला घरोघर अवजारांची पूजा झाली. मामांनी ट्रॅक्टर धुतला, कोयते-विळे मांडले. शाळेत आम्ही पृथ्वीचा गोल, घंटा आणि कॉम्प्युटर यांना हळद-कुंकू वाहिलं. मग माझ्या मनात आलं, गावातलं सगळ्यात शहाणं अवजार मागं पटांगणात एकटं उभं आहे, त्याला का वगळायचं? झेंडूचा एक भरगच्च हार उरला होता. मी कुंपण उघडलं, खांबाला कुंकू लावलं आणि नळकांड्याच्या बरोब्बर वर आलेल्या आडव्या दांडीवर हार घातला. फोटोही काढला. कौतुक वाटलं स्वतःचं.

दसरा झाला आणि परतीच्या पावसानं झोडपलं. दुपारी सुरू झाला तो पहाटेपर्यंत थांबला नाही. आमचं सोयाबीन कापून शेतात गंजी लावून ठेवलेलं. वर ताडपत्री होती, पण पाणी खालून शिरलं. सकाळी मामांनी डोणीत बोटं लावली आणि पंजा उघडून मला दाखवला. पाच बोटं. ते म्हणाले, "माल तर गेला. पर आता मंडळ यादीत बसतंय."

मी मोबाइल उघडला. आकडा होता एकोणीस.

शेजारच्या मंडळाचं नाव यादीत आलं, आमचं नाही. मामा माझ्या मोबाइलकडे बघत राहिले. मला आधी यंत्राचा राग आला. सुट्टी असूनही चिखल तुडवत शाळेत गेले, कुंपण उघडलं आणि वाकून बघितलं. नळकांड्याचं तोंड काठोकाठ पाण्यानं भरलेलं. त्यावर पाकळ्या तरंगत होत्या आणि तळाच्या भोकात झेंडूचा लगदा घट्ट बसला होता. वरून पडलेलं पाणी बाहेर सांडून गेलं होतं, चमच्यापर्यंत थेंब थेंबच पोचला होता. वर दांडीवर हाराचा नुसता दोरा उरला होता.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार तो लगदा कुंपणापलीकडे भिरकावून द्यायचा आला. मला कुणी विचारलंही नसतं. मग पंजा उघडून उभे असलेले मामा आठवले. मी फोटो काढले, लगदा डब्यात भरला आणि मंडळ अधिकाऱ्यांना फोन लावला.

ते दुसऱ्या दिवशी आले. सज्जन माणूस, पण पेचात पडलेला. म्हणाले, "बाई, आलेला आकडा मला बदलता येत नाही. चूक कशी झाली ते तुम्ही लिहून द्या. मी अहवाल पाठवतो, प्रत्यक्ष पाहणीची मागणी करतो." मी तिथंच बाकावर बसून लिहून दिलं, हारासकट सगळं. त्यांनी वाचलं आणि जरा चाचरत विचारलं, "तुमची शेती याच मंडळात ना? उद्या कुणी म्हणालं, बाईंनी स्वतःच्या फायद्यासाठी हे रचलं, तर?"

माझं डोकंच सणकलं. "मग आमचं शेत सोडून बाकी सगळ्यांचं बघा," मी म्हणाले. "आमचा एक गुंठाही लिहू नका."

बोलून गेले आणि घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की शेत माझं नव्हतंच. ते मामांचं. पेरणीपासून काढणीपर्यंत ते त्यात राबले होते आणि मी रागाच्या भरात त्याची भरपाई त्यांना न विचारता सोडून दिली होती. हार माझाच होता हे मी त्यांना सांगितलं. दिलेल्या शब्दाचं मात्र सांगायची हिंमत झाली नाही. दहा दिवस मी त्यांच्याकडे नीट बघितलं नाही.

पाहणी मंजूर झाली. माणसं गावोगाव फिरली, पंचनामे झाले. आमच्या शिवारात आली त्या दिवशी मी शाळेत होते. संध्याकाळी घरी आले, तर मामा अंगणात कोंब फुटलेल्या शेंगा म्हशीपुढं टाकत होते. तोंड न वळवताच म्हणाले, "सायेब आले व्हते. म्हनले, बाई रागात बोलल्या असतील, तुमचंबी लिवतो."

"मग?"

"म्या न्हाय म्हनलं."

मला रडूच आलं. "मामा, मी खरंच रागात बोलले होते. तुम्ही का नाही म्हणालात?"

"तू शब्द दिलतास की," ते म्हणाले. जसं काही त्यापुढं विचारण्यासारखं काही नव्हतंच. शेंगांची पाटी रिकामी करून ते डोणीच्या काठावर टेकले. मग त्यांनीच विचारलं, "आता त्यो एकोनीस पुसतील व्हय?"

"नाही. तो तसाच राहणार. नोंद झालेली आहे."

"मंजी पुढं कुनी आभ्यास केला, तर त्याला वाटंल हितं त्या दिसी एकोनीसच पडला?"

"हो."

त्यांनी आपल्या पंजाकडे बघितलं, पाची बोटं जुळवली आणि डोणीच्या काठावर आडवी धरली.

"मंग हे कुटंतरी लिवून ठिव," ते म्हणाले. "पाच बोटं."