रुसून गेलेला झरा

सई, निनाद, रुसून गेलेल्या झऱ्याची गोष्ट आपल्याच गावची ना, शाळेत लिहून द्यायची आहे, असं परवा तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी विषय बदलला. का, ते लिहून कळवते.

इथे हॅम्बर्गमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर एक आयरिश आजोबा राहत. बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले. अंगणातल्या काटेरी झाडाजवळून जाताना ते टोपी उचलत. पहिल्यांदा मला वाटलं, मलाच नमस्कार केला, म्हणून मीही हात जोडले.

"तुम्हाला नव्हे," ते म्हणाले, "त्यांना."

त्यांच्याकडे अशा झाडाखाली न दिसणारी मंडळी राहतात. त्यांच्या गावचा रस्ता म्हणे अशाच एका झाडाला वळसा घालून जातो. ते तोडायला एकही मजूर तयार झाला नव्हता.

मग चहाबरोबर रोज एक गोष्ट ठरलेली. कुठला डोंगर, कुठलं तळं, सगळं मी गावाच्या नावासकट वहीत उतरवून घेई. बदल्यात मी त्यांना आपल्या कोकणातल्या गोष्टी सांगे, आणि त्याही त्याच वहीत लिहून ठेवी.

पुढे त्यांचं विसरणं वाढलं. एकदा ते सांगू लागले, त्यांच्या गावच्या वेशीवरचा राखणदार नारळ मागतो. मी म्हटलं, "अहो, आयर्लंडात नारळ कुठला? तो राखणदार आमचा."

ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला. "मग माझी गोष्ट कुठली?"

मी घाईने वही उघडून झऱ्याची गोष्ट वाचली. एका बाईने त्यात मळके कपडे धुतले, म्हणून झरा रुसून डोंगरापलीकडे निघून गेला. "ही तुमची," मी म्हटलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले आणि टोपी शोधू लागले. ती डोक्यावरच होती.

तेव्हा मला खात्री होती. ते वारल्यावर वही नीट लावायला घेतली, तर झरा दोनदा सापडला. एकदा त्यांच्या गावाखाली, एकदा आपल्या. दोन्हीकडे अक्षर माझंच. माझ्या आत्याने ती सांगितल्याचं आठवतं, तिच्या ओल्या पदरासकट. त्यांनी सांगितल्याचंही आठवतं. आता विचारणार कोणाला?

शाळेत आजीला माहीत नाही असं लिहिलंत तरी चालेल.

झाड अंगणात आहे. वहीत झऱ्यासमोर दोन गावं आहेत. मी एकही खोडलेलं नाही.