भागोजीच्या ट्रकची बॅटरी खाणारा

उमरठच्या आमच्या वाडीत व्यायामशाळा नाही, आणि भागोजीचा ट्रक असेपर्यंत तिची गरजही नाही. गणपतीपासून हे सुरू झालं. गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी मेलेली, आणि आम्ही हातातली कामं टाकून ढकलायला हजर. आमच्या तोंडावर धूर सोडून ती एकदाची चालू झाली की भागोजी खिडकीतून हात हलवायचा, जणू निवडूनच आलाय.

त्याने नवी बॅटरी घातली, तीही झोपली. बायको राहीबाईने लिंबू-मिरची बांधली. ती तेवढी टिकली. दिवाळीत मुंबईचा मुलगा राहुल आला आणि त्याने निकालच लावला. शिमग्यापर्यंत हे थांबलं नाही तर गाडी भंगारात. साठी उलटल्यावर विटा भरून आंबेनळी घाट चढायचाच कशाला? तेव्हापासून भागोजीला जेवण जाईना. ट्रक गेला तर दिवसभर आमची तोंडं बघत बसायचं, याची त्याला खरोखर भीती वाटत होती.

मुलाचं कौतुक मात्र कमी होईना. एरवी राहुल महिना-महिना फोन करत नाही, पण गाडी घाट उतरून पोलादपुरात आली की हटकून विचारतो, "आबा, उतरलास काय?" रक्ताची ओढ ती हीच, असं भागोजीने इतक्यांदा ऐकवलं की त्याला बघून आम्ही वाट बदलायचो.

शेवटी शिमगा तोंडावर आल्यावर तो पोलादपूरला चांगूकडे गेला. चांगू गाड्यांचं वायरिंग करतो. मीही सोबत होतो, ढकलायला माणूस लागतोच. चांगूने किल्ली काढली, बॅटरीची एक केबल सोडून मधे छोटा बल्ब जोडला. बंद गाडीत बल्ब पेटला, म्हणजे कुणीतरी चोरून वीज खात होतं. त्याने एकेक फ्यूज काढला. सगळे संपले तरी बल्ब तसाच. चोर थेट बॅटरीवर बसलेला होता. वायर धरत धरत चांगू डॅशबोर्डमागे पोचला आणि काडेपेटीएवढी काळी डबी बाहेर काढली. गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दाखवणारं यंत्र, तेही स्वस्तातलं, बिघडून गरम झालेलं.

भागोजीने तिथूनच फोन लावला. गणपतीत आपणच बसवलं, राहुल म्हणाला. तू घाटात असलास की कामात लक्ष लागत नाही. म्हणजे बापाच्या काळजीने बापाचीच गाडी मारली, आणि वर तिला भंगारात घालायला निघाला. शिकलेल्या पोरांचा कारभार हा असा. भंगाराची गोष्ट मात्र त्याने परत काढली नाही.

डबी आता सावित्री नदीत जाणार, हे आम्ही धरूनच चाललो. भागोजी चांगूला म्हणाला, नवी डबी आण आणि किल्लीवर जोड, गाडी बंद तर तीही बंद. रक्ताच्या ओढीवर एक झकास टोमणा माझ्या जिभेवर आला होता.

"नायतर," भागोजी डबीकडे बघत म्हणाला, "त्यो फोन करायचा नाय रे."